ट्यूब कॅमेऱ्यावर ‘लग्नाची कॅसेट’ : नागपुरातल्या कामाच्या नोंदी

काम असं: एका लघुपटात १९८५च्या आसपासच्या लग्नाच्या कॅसेटची सात-एक मिनिटं दिसायला हवीत. डिजिटल चित्रावर फिल्टर चढवायचा नाही, त्या काळच्या ट्यूब कॅमेऱ्यावरच (चिपऐवजी काचेची ट्यूब चित्र टिपते तो) शूट करायचं. सामान शक्यतो नागपुरात मिळेल तेच वापरायचं. आमच्या कॅमेऱ्याचा मेक मुद्दाम लिहिलेला नाही. दुरुस्तीचा क्रम सगळ्या सिंगल ट्यूब कॅमेऱ्यांना जवळपास सारखाच लागतो.

७ एप्रिल : कॅमेरा शोधणे

महाल, इतवारी भागातल्या जुन्या शूटिंगवाल्यांच्या माळ्यावर असे कॅमेरे अजून पडून आहेत. अडचण एवढीच की ‘जुना व्हिडिओ कॅमेरा’ म्हटलं की पॅनासॉनिकचे एम-७, एम-३०००, एम-९००० पुढे येतात. खांद्यावरचे, दणकट, पण सीसीडीचे, म्हणजे चिपवर चित्र टिपणारे. आपल्या कामाचे नाहीत.

ओळखायची सोपी रीत आहे. कॅमेरा चालू असेल तर अंधाऱ्या खोलीत पेटता बल्ब दाखवा. बल्बवरून वर-खाली उभी पांढरी रेघ गेली तर सीसीडी. कॅमेरा हलवल्यावर बल्बच्या मागे शेपूट राहिली आणि हळूहळू विरली तर ट्यूब. कॅमेरा बंद असेल तर अंगावर किंवा लेन्सच्या कडेला ट्यूबच्या जातीचं नाव छापलेलं असतं, ते वाचायचं.

व्हिडिकॉन: सगळ्यात जुनी आणि साधी जात, अमेरिकेच्या आरसीएची. अँटिमनी ट्रायसल्फाइडचं टार्गेट (उजेड झेलणारा थर), लॅग (मागे रेंगाळणारी शेपूट) भरपूर, उजळ वस्तूचा ठसा लवकर उमटतो. जुन्या काळ्यापांढऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांत हीच असायची.

न्यूव्हिकॉन: मात्सुशिताची, म्हणजे आपल्याकडच्या ‘नॅशनल’ची. कमी उजेडात चांगली, लॅग बऱ्यापैकी.

सॅटिकॉन: हिताची आणि एनएचके यांची, सेलेनियमवर आधारलेली. तपशील चांगला, लॅग मध्यम, रंग भरवशाचे.

ट्रिनिकॉन: सोनीची. एकाच ट्यूबमध्ये रंगपट्ट्यांची जाळी.

प्लंबिकॉन: फिलिप्सची, लेड ऑक्साइडची. स्टुडिओतल्या तीन ट्यूबवाल्या कॅमेऱ्यांत असे. लॅग इतकी कमी की घरगुती कॅसेटच्या दिसण्यासाठी उलट गैरसोयीची.

कॅमेरा आणि रेकॉर्डर एकत्र असलेलं मॉडेल घेताना जपून. सोनीचं १९८३चं बीटामूव्ही रेकॉर्डिंग करतं, पण टेप परत दाखवत नाही, आणि व्ह्यूफाइंडरही नुसता आरपार बघायचा आहे. म्हणजे बीटा डेक वेगळा शोधा. जेव्हीसीचं १९८४चं जीआर-सी१ अर्ध्या इंची सॅटिकॉनचं. चालू स्थितीत मिळालं तर उत्तम, पण त्याची टेपची यंत्रणा नादुरुस्त असेल तर दुरुस्तीला माणूस सापडणं कठीण. सुटा कॅमेरा आणि त्याच्या केबलमधून थेट येणारा व्हिडिओ, हाच सोयीचा मार्ग.

२/३ इंची सॅटिकॉनचा पॅल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) कॅमेरा ४,००० रुपयांना मिळाला, त्याच मॉडेलचा फुटका जोडीदार सुट्या भागांसाठी १,२००ला. परदेशातून अमेरिकन एनटीएससी कॅमेरा स्वस्त पडतो म्हणून मागवू नये. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. पॅलच्या एका फील्डमध्ये (एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र), म्हणजे २० मिलिसेकंदांत, बरोबर दोन उजाळे मावतात आणि चित्र स्थिर राहतं. एनटीएससीचे सुमारे ६० फील्ड त्यात बसत नाहीत, चित्र फडफडतं.

१२ एप्रिल : वीज आणि केबल

मूळ दहा पिनांचा प्लग व्हीसीआरला लागायचा. वीज तिकडूनच यायची, चित्र तिकडेच जायचं. तो सॉकेट बाजारात मिळत नाही. केबल कापण्याआधी आतल्या तारा समजून घ्या: सगळ्यात जाड जोडी विजेची, जाळीची वेणी असलेली बारीक कोअॅक्स व्हिडिओची, दुसरी तशीच पण आणखी बारीक माइकची. कॅमेरा उघडून प्रत्येक तार बोर्डवर कुठे पोचते ते मीटरच्या कंटिन्युइटीवर तपासा. प्लग सारखा दिसला तरी दुसऱ्या कंपनीच्या पिना वेगळ्या असू शकतात. इंटरनेटवरचा नकाशा बघून १२ व्होल्ट सोडणं हा कॅमेरा मारण्याचा खात्रीचा उपाय आहे.

विजेच्या वाटेत २ अँपिअरचा फ्यूज आणि त्याच्या पुढे १एन५४०८ डायोड उलटा, प्लस-मायनसच्या मध्ये. तारा उलट्या लागल्या तर फ्यूज जातो, कॅमेरा वाचतो. डायोड मालिकेत टाकला तर पाऊण व्होल्ट खातो, म्हणून असा.

पहिली वीज सीसीटीव्हीच्या १२ व्होल्ट अडॅप्टरवरून दिली. चित्रात तिरप्या बारीक रेघा सरकत राहिल्या. स्विचिंग सप्लायचा कचरा होता. ७८१२ रेग्युलेटर, मोठा हीटसिंक आणि साधा ट्रान्सफॉर्मर लावल्यावर रेघा गेल्या. नंतर यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी घेतली, १,१०० रुपये. कॅमेरा ०.६ अँपिअरच्या आसपास ओढतो, दिवसभराचं शूटिंग एका चार्जवर निघतं. बाहेरच्या कामाला बॅटरीला पर्याय नाही.

१९ एप्रिल : चित्र आलं, पण असं

वीज दिल्यावर ट्यूबचा फिलामेंट तापायला वेळ लागतो, २०-३० सेकंद काळं राहणं ठीक आहे. त्यानंतर आलेलं चित्र अंधुक, उजवीकडे हिरवट, आणि आडवा जाड पट्टा वर सरकत असलेला. चाळीस वर्षांच्या इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरची ही नेहमीची लक्षणं.

ट्यूबला काही शे व्होल्ट लागतात, ते १२ व्होल्टमधून बनवणारा छोटा कन्व्हर्टर आत असतो. त्याच्या भोवतालचे कंडेन्सर सगळ्यात आधी बदलायचे, मग व्हिडिओ बोर्डवरचे. १०५ अंशांचे, लो-ईएसआर, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज एक पायरी वरचं चालेल. सीताबर्डीवर सगळे मिळून ३५० रुपयांत मिळाले, फक्त उंची बघून घ्या, नवे उंच असले तर झाकण बसत नाही. जुना कंडेन्सर काढल्यावर खाली तपकिरी, मासळीसारखा वास येणारा ओलावा दिसला तर तो गळलेला आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड धुवा, नाहीतर बोर्डवरच्या तांब्याच्या पट्ट्या खाल्ल्या जातात. आमच्यात दोन पट्ट्या तुटल्याच होत्या, बारीक तार टाकून जोडल्या. तुटलेली जागा शोधायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण वरून पट्टी अखंड दिसत होती.

व्ह्यूफाइंडरमध्ये छोटी पिक्चर ट्यूब असते आणि तिच्यावर किलोव्होल्टमध्ये दाब असतो. बंद करून लगेच हात घालायचा नाही.

४ मे : उन्हाळा

पारा ४४-४५. सॅटिकॉनचा सेलेनियमचा थर उष्णतेने हळूहळू स्फटिकरूप होतो आणि चित्रात कायमचे पांढरे ठिपके पडतात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत हा कॅमेरा दुपारभर ठेवणं म्हणजे ट्यूब गेली समजा. फुटक्या जोडीदाराच्या ट्यूबवर तेच झालेलं दिसतं: मध्यभागी ठिपक्यांचा पुंजका, लेन्स झाकली तरी तसाच. व्हिडिकॉन वाल्यांना वेगळा त्रास, उष्णतेने तिचा डार्क करंट (उजेड नसतानाही वाहणारा करंट) वाढतो आणि काळा रंग राखाडी होतो.

म्हणून महिनाभर सगळी कामं सकाळी सहा ते नऊ. कूलरसमोर कॅमेरा ठेवू नका, ओल आत जाते आणि कन्व्हर्टरला ओल सोसत नाही.

लेन्समध्ये बुरशीचं जाळं होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अल्कोहोल समप्रमाणात घेऊन मागची दोन भिंगं पुसली. पुढच्या गटातली थोडी तशीच ठेवली. दिव्यांभोवती किंचित धुकं येतं, ते कामाला चालतं.

१ जून : बीम आणि टार्गेट

इथे घाई नको. बोर्डवरचे प्रीसेट (जुळणीसाठी फिरवायचे बारीक स्क्रू) फिरवण्याआधी प्रत्येकाची आताची जागा मार्करने रेघ मारून ठेवा आणि फोटो काढा.

ट्यूबमध्ये काय चालतं ते कामापुरतं: लेन्समधून आलेला उजेड टार्गेटवर विद्युतभार उठवतो, मागून इलेक्ट्रॉनचा बीम ओळीओळीने तो भार पुसत जातो, आणि पुसताना वाहिलेला करंट म्हणजेच चित्र. एका फेरीत सगळं पुसलं गेलं नाही की उरलेलं पुढच्या फील्डमध्ये दिसतं. उजेड खूप जास्त असला तर बीम पुरा पडत नाही, शेपूट उरते. उजेड फार कमी असला तर उठलेला भार इतका क्षीण असतो की बीमचे इलेक्ट्रॉन नीट उतरतच नाहीत, हलणारी वस्तू मागे सावली ओढते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही आपल्याला हव्या आहेत, वेगवेगळ्या जागी.

क्रम असा ठेवला. कॅमेरा वीस मिनिटं तापू द्या. समान उजेडातला पांढरा-राखाडी तक्ता समोर ठेवा. टार्गेटचा व्होल्टेज सॅटिकॉनला ठरलेला असतो, त्याला हात लावू नका. व्हिडिकॉनसारखा तो उजेडाप्रमाणे बदलायचा नसतो, उजेड आयरिसनेच (लेन्सच्या लहान-मोठ्या होणाऱ्या छिद्राने) सांभाळायचा. बीमचा प्रीसेट हळूहळू कमी करा. एका जागी तक्त्यावरचा सगळ्यात उजळ भाग अचानक सपाट, चिकट पांढरा होतो आणि त्यातला तपशील जातो. तिथून मागे या, तपशील परत येईपर्यंत, आणि मग आयरिस एक स्टॉप उघडून उजेड दुप्पट झाला तरी टिकेल इतका बीम वाढवा. ही नेहमीची जागा.

बीम अलाइनमेंट बघायला इलेक्ट्रिकल फोकसचा प्रीसेट थोडा इकडेतिकडे हलवायचा. चित्र जागच्या जागी धूसर-स्पष्ट व्हायला हवं. बाजूला सरकत असेल तर ट्यूबच्या मानेवरच्या चुंबकी कड्या फिरवून ते सरकणं थांबवा. मग फोकस पक्का करा.

सिंगल ट्यूब रंगीत कॅमेऱ्यात फोकसचा संबंध रंगाशीही आहे. रंग हे बारीक पट्ट्यांच्या जाळीतून, उंच फ्रिक्वेन्सीवर येतात. बीमचा फोकस ढळला की आधी रंग फिका पडतो, धूसरपणा नंतर लक्षात येतो. कोपऱ्यांत रंग उडाला असेल तर रंगाचे प्रीसेट फिरवू नका, फोकस बघा. आमच्यातली उजवीकडची हिरवट झाक फोकस आणि अलाइनमेंट झाल्यावर निम्म्याने गेली. उरलेली ठेवली. कडेकडेचा रंगफरक ही त्या काळच्या चित्राची खूण आहे, ती पुसून काय मिळवायचं?

बीम मुद्दाम कमी ठेवून शेपट्या वाढवता येतात का? येतात, पण पांढरी साडी, टोप्या, चेहऱ्यावरची चमक सगळंच चिकटतं, आणि तशा चित्रावर कॅमेरा स्थिर राहिला तर ठसा बसतो. नेहमीच्या जागेपासून प्रीसेटची रेघभर खाली, एवढंच. बाकीचं काम दिव्यांनी करायचं.

ठसा बसलाच तर लेन्स पूर्ण आउट ऑफ फोकस करून समान उजेडातल्या पांढऱ्या कागदाकडे दोन-तीन तास चालू ठेवा, हलके ठसे जातात. सूर्याचा ठसा जात नाही. फुटाळा तलावावर संध्याकाळचा शॉट घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. पाण्यावरची तिरीपसुद्धा ट्यूबला सूर्यच आहे. तिकडे हा कॅमेरा नेऊच नका.

१५ जून : कॅप्चर

चित्राचं सगळ्यात जास्त नुकसान इथे, ते संगणकात उतरवताना होतं, ट्यूबमध्ये नाही.

पहिली तक्रार, चित्र फटफटीत पांढरं. व्हिडिओच्या तारेच्या टोकाला ७५ ओहम नसेल तर सिग्नल १ व्होल्टऐवजी २ व्होल्ट होतो. मॉनिटर आणि कॅप्चर दोन्ही टी (तारेला दोन फाटे करणारा जोड) लावून जोडले आणि दोन्हीकडे ७५ ओहम असेल तर तो ०.६७ व्होल्टवर उतरतो, चित्र मळकट. मॉनिटरला दोन सॉकेट आणि मागे ७५ ओहमचा खटका असेल तर तो बंद ठेवा, तार पुढे कॅप्चरला न्या आणि शेवट फक्त तिथेच करा. दोन्ही घोटाळे दिसले, आणि दोन्ही वेळा आधी कॅमेऱ्याच्या प्रीसेटवर संशय गेला होता. म्हणून आधी तार तपासा.

दुसरी, ७०० रुपयांचा यूएसबी डोंगल. त्यातला ऑटो गेन चित्र उजळ-काळं करत राहतो, सनगन (हातात धरायचा प्रखर हॅलोजन दिवा) चालू झाली की मागचा मांडव श्वास घेतल्यासारखा मंद-तेज होतो. बंद करायची सोय नव्हती. बदलून असं कार्ड घेतलं ज्यात ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट हाताने ठरवता येतात. व्हर्च्युअलडबचा हिस्टोग्राम लावून सगळ्यात उजळ भाग कापला जाणार नाही इतका कॉन्ट्रास्ट उतरवला. ट्यूबचं पांढरं हळूहळू फुलत जातं. कार्डाने ते वरून कापलं की सपाट कडा दिसते आणि चित्र मोबाइलचं वाटतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. डोंगलसोबतचं सॉफ्टवेअर दोन फील्ड एकत्र करून सेकंदाला २५ फ्रेम बनवतं. पॅलमध्ये सेकंदाला ५० फील्ड असतात आणि प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं असतं. ‘व्हिडिओसारखी’ वाटणारी ती गुळगुळीत हालचाल या ५० मुळेच आहे. ती गेली की उरतो नुसता कमी तपशिलाचा सिनेमा. म्हणून ७२० बाय ५७६, ४:२:२, इंटरलेस्ड (फील्ड होती तशीच), हफवाययूव्ही (तपशील न गमावणारं कॉम्प्रेशन), जसं आलं तसं. तासाला ३०-३५ जीबी लागतात. नंतर डीइंटरलेससाठी एफएफएमपेगचा बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर, प्रत्येक फील्डची एक फ्रेम, ५० फ्रेम प्रति सेकंद. वेळ असेल तर क्यूटीजीएमसी अधिक स्वच्छ करतं, पण त्याचं गोंगाट काढणं बंद ठेवा, ते लॅगच्या शेपट्या खातं.

फील्डचा क्रम चुकला तर चालणारा माणूस पुढे-मागे थरथरतो. अॅनालॉग कार्डावर सहसा वरचं फील्ड आधी, डीव्ही कॅमेऱ्यातून आणलं तर खालचं आधी. अंदाज न लावता हात हलवतानाची पाच सेकंदं दोन्ही प्रकारे करून बघा.

आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर घेतलाच नाही. वेगळा रेकॉर्डर, सुरुवातीला टाळी.

२९ जून : उजेड

एलईडी पॅनेल लावून पाहिलं. चित्र स्वच्छ, रंग बरे, आणि कॅसेटसारखं अजिबात नाही. मांडवभर समान उजेड पडला की सॅटिकॉन व्यवस्थित वागते, लॅग दिसत नाही, शेपट्या नाहीत. एवढा खटाटोप करून साधा जुना कॅमेरा वाटावा असं चित्र.

लग्नाच्या शूटिंगला तेव्हा एक माणूस कॅमेऱ्याला चिकटून सनगन धरायचा. समोरचे नवरा-नवरी झळझळीत, आणि दहा फुटांवरचे लोक जवळपास अंधारात. तो असमान उजेडच सगळं घडवतो. पुढे शालूच्या जरीवर, दागिन्यांवर, भटजींच्या ताम्हणावर बीम अपुरा पडतो, म्हणून शेपट्या. मागे अंधारात ट्यूब उपाशी, म्हणून माणसं हलली की पुसट ओघळ. एकाच फ्रेममध्ये दोन्ही.

१००० वॅटच्या दोन जुन्या सनगन, दोन्ही मिळून १,३०० रुपये. एक सनगन ४.३ अँपिअर ओढते. मंगल कार्यालयाच्या साध्या पाच-सहा अँपिअरच्या बोर्डवर दोन लावल्या की बोर्ड वितळतो, वेगवेगळ्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा. हॅलोजनच्या नळीला बोटं लावू नका, बोटाच्या तेलाचा डाग तापून काच फुगते. कापडात धरून बसवा. काम झाल्यावर पंखा असलेल्या सनगनचा पंखा लगेच बंद करू नका. हातात जाड मोजा. अक्षता धरून उभ्या लहान मुलांपासून लांब.

३२०० केल्विनच्या या उजेडालाच कॅमेरा बांधलेला आहे, घरात फिल्टर चाक इनडोअरवर. व्हाइट बॅलन्स तापल्यानंतरच, आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा.

१३ जुलै : चाचणी, दिवे आणि कपडे

पणत्या: अंधारात पणती घेऊन चालणारी बाई, सनगन बंद, आयरिस पूर्ण उघडी. शेपूट लांब आणि पिवळी येते, पण चेहरा निव्वळ गोंगाट. बाजूने ४० वॅटचा एक बल्ब ठेवल्यावर चेहरा ओळखू येतो आणि शेपूटही राहते.

काही कॅमेऱ्यांत ट्यूबच्या तोंडाशी बायस लाइटचा बारीक दिवा असतो, तो अंधारातली लॅग कमी करण्यासाठीच दिलेला. आमच्यात आहे. त्याची एक तार सोडवून पाहिली, अंधारातले ओघळ स्पष्ट वाढले, पण ब्लॅक लेव्हल (काळ्याची पातळी) खाली सरकली आणि शेडिंग (चित्रभर उजेडाचा सारखेपणा) बिघडलं. तार परत जोडली. सात मिनिटांसाठी सगळी जुळणी पुन्हा करण्याएवढा फायदा नाही.

फोटोग्राफरचा फ्लॅश: सीसीडीवर एक फ्रेम पांढरी होते, इथे उजेड काही फील्ड रेंगाळून उतरतो. लग्नाच्या चित्रीकरणात हे हवंच, जुना फ्लॅश असलेला एक माणूस नक्की ठेवा.

कपडे: बारीक चौकडीचे शर्ट आणि बारीक काठांच्या धोतरांवर इंद्रधनुष्य नाचतं. कापडाच्या रेघा ट्यूबच्या रंगजाळीशी भिडतात. एखादा शर्ट चालतो, वरातीभर नको. नवरीचा शालू लाल ठरला होता. कंपोझिटमध्ये (रंग आणि उजेड एकाच तारेतून येणाऱ्या सिग्नलमध्ये) लाल उजवीकडे सांडतो. हिरव्यावर जरीकाम अधिक उठून दिसतं, म्हणून हिरवा.

२७ जुलै : मुख्य शूटिंग

सकाळी सातला सुरुवात, साडेसहाला कॅमेरा चालू. अंतरपाट, मंगलाष्टका, सप्तपदी, पंगत. झूम हाताने आणि गरजेपेक्षा जास्त, तेव्हाचे शूटिंगवाले असंच करायचे. पंगतीत कॅमेरा ओळीवरून सरकताना वाटीतल्या वरणावरही सनगनची शेपूट आली. सांगून न जमणारी गोष्ट.

पावसाळी हवेत लेन्सवर आतून वाफ धरली, अर्धा तास थांबावं लागलं. एसी खोलीतून थेट दमट मांडवात आणल्याचा परिणाम. आदल्या रात्रीपासून कॅमेरा मांडवाच्याच हवेत ठेवायला हवा.

मांडीवर घेऊन बसताना, खाली ठेवताना लेन्स जमिनीकडे तोंड करून ठेवू नका. ट्यूबमधला सुटा कण टार्गेटवर पडला की काळा ठिपका कायमचा. आडवा ठेवा.

तान्हा पोळा : मारबत

पटकथेत कॅसेटच्या शेवटी कुणीतरी त्याच टेपवर मारबतीची (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या पुतळ्यांची) मिरवणूक भरली आहे, असा भाग आहे. तेवढ्यासाठी इतवारीत काळ्या-पिवळ्या मारबतीच्या गर्दीत कॅमेरा नेला. बाहेरच्या उजेडाचा नारिंगी फिल्टर लावला, आयरिस बंद बाजूला. ढग होते, तेही पथ्यावर पडले.

जे अपेक्षित नव्हतं ते: ढोल-ताशे जवळ आले की चित्रात आडवे पट्टे थरथरतात. डीजेच्या गाडीजवळ तर चित्र वाचता येत नाही. ट्यूबमधली बारीक जाळी आवाजाने हलते, तो मायक्रोफोनीचा दोष. ट्यूब कॉइलसह काढून तिच्या आधारांखाली मऊ फोम टाकला तर कमी होतं, पण मग अलाइनमेंट पुन्हा. इथे उपाय एकच केला, स्पीकरपासून लांब आणि बाजूला राहून लांब लेन्सने घ्यायचं. थोडे पट्टे ठेवले. मोठ्या स्पीकरच्या चुंबकानेही चित्र वाकतं आणि रंग सरकतात, तेवढं जवळ जाऊच नये. बडग्यांचे (मारबतीसोबत निघणाऱ्या पुतळ्यांचे) शॉट असे बाजूच्या गल्लीतून घेतले, ते मुख्य रस्त्यावरच्यांपेक्षा चांगले आले.

७ सप्टेंबर : टेपवरून एक फेरी, आणि फाइल देणे

थेट कॅप्चर फार स्वच्छ आहे. कॅसेट म्हणायची तर एकदा व्हीएचएसवरून जायला हवं. चालू व्हीसीआर ३,५०० रुपयांना, ई-१८० टेप एसपी (नेहमीच्या) वेगाने. हेड कोऱ्या कागदाचा तुकडा अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रम हाताने फिरवत पुसले. कानकोरणीचा कापूस हेडमध्ये अडकून ते उपटतो. व्हीएचएस आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांवर उतरतं आणि रंग उजवीकडे ओघळतात. एक फेरी पुरे. दोन फेऱ्यांनी ट्यूबच्या बारीक शेपट्याच गिळल्या, ज्यासाठी हा सगळा घाट घातला त्याच.

टेपवरून परत घेताना कार्ड फ्रेम सोडायला लागलं. कॅमेऱ्याचं सिंक (ओळी आणि फील्डची वेळ जुळवणारा संकेत) स्थिर असतं, टेपचं डळमळतं. मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर ठेवला, आत व्हिडिओ, बाहेर व्हिडिओ, काहीही रेकॉर्ड न करता. त्याचा सिंक सुधारणारा भाग कामाला येतो. १,८०० रुपये. सगळे रेकॉर्डर हे करत नाहीत, घेण्याआधी दुकानातच जोडून बघा.

कॅमेरे, कंडेन्सर, बॅटरी, कार्ड, सनगन, व्हीसीआर, रेकॉर्डर, फुटकळ तारा: सगळं मिळून १७,००० च्या आत. यात सगळ्यात वाया गेलेला पैसा डोंगलचा.

संपादकाला फाइल देताना सोबतची सूचना: आधीच ५० फ्रेमची आहे, सॉफ्टवेअरचं ऑटो डीइंटरलेस बंद. ४:३ आहे, १६:९ला ताणू नका, दोन्ही बाजूंना काळं सोडा. बाजूचे काळे आठ-आठ पिक्सेल कापा, पण तळाची हेड बदलताना येणारी फाटकी ओळ कापू नका. लघुपटाची टाइमलाइन २५ फ्रेमची असेल तर कॅसेटचे भाग ५० फ्रेमच्या टाइमलाइनवर ठेवा आणि बाकीची प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवा. उलट केलं तर पुन्हा १५ जूनच्या तिसऱ्या तक्रारीवर येतो.